पिवळ्या तारेवरचे बारा

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची. दोन पिशव्या, एक वळकटी आणि मी, असे चार नग सुनेनं जिना चढवून वर आणले. त्यात सगळ्यात कुरकुरणारा नग कोणता, हे तिनं मला तोंडावर सांगितलं. खाली तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. माझ्या नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. मला बघून ती इतकी गरगर फिरली की कपाटावर आपटली, आणि रडायचं सोडून हसत सुटली. सहा वर्षांची आहे. तिचे पुढचे दोन दात पडलेत, माझे सगळे. आमचं जमणार.

सुनेनं हा फोन दिलाय. मी बोलायचं, तो लिहून घेणार. म्हणाली, आई, मनातलं सगळं याला सांगत जा. म्हणजे कामाच्या वेळी माझं डोकं खाऊ नका! किती गोड बोलते बघा. अक्षरांशी माझी कधी ओळख झाली नाही, आकडे तेवढे कळतात. त्यामुळे हा काय लिहितोय ते याचं याला ठाऊक.

दुकान माझ्या लेकाचं, बाबूचं. वर्ष होत आलं त्याला जाऊन. दमा होता. खाली टेबलापाशी काम करता करताच गेला. मी पोचेपर्यंत सगळं आवरलं होतं. पण तो विषय आज नको. आज मी खुशीत आहे.

५ नोव्हेंबर

आज दुकानात बसून सुनेचं काम बघितलं. गिऱ्हाईक सांगतं, कॉम्प्युटर चालूच होत नाही. मग ही त्याच्या पोटातून विटेएवढी लोखंडी पेटी काढते. पॉवर सप्लाय म्हणतात त्याला. एका अंगाला पंखा, दुसऱ्या अंगानं विस्कटलेल्या वेणीसारखा तारांचा झुबका. भिंतीतली वीज पेटीत येते आणि पेटी ती सगळ्यांना वाटून देते. घरातल्या बाईसारखंच की, म्हटलं.

पेटी तपासायची रीतही दाखवली. कागदाची क्लिप वाकवून एक टोक हिरव्या तारेत, दुसरं काळ्या तारेत खुपसायचं. पेटीला वाटतं कुणीतरी बटण दाबलं, आणि पंखा फिरायला लागतो. मग मीटरची काळी सुई काळ्या तारेत, लाल सुई पिवळ्या तारेत. बारा दिसले की पेटी धडधाकट. कमी दिसले की दमली. म्हटलं, एकदा माझ्या नाडीलाही लाव. तर म्हणाली, तुमच्यापुढे मीटरच जळेल.

८ नोव्हेंबर

जेवणानंतर सून दुकानामागच्या खोलीत जाते आणि दार लोटून घेते. झोपत असेल, असं वाटायचं. आज चहा घेऊन गेले. टेबलावर एकच पेटी, जुनी, धुळकट. क्लिप लावलेली, मीटर लावलेलं, पंखा फिरतोय. आणि ही पेटीवर तळवा ठेवून बसलेली. म्हणाली, ही त्यांच्या कॉम्प्युटरची. म्हटलं, बिघडली असेल तर नवी बसव. म्हणाली, नवी कधीच बसवली आई, ही त्यासाठी नाही. जरा ऐका.

ऐकलं.

दोन आखूड, मग एक लांब, शेवटी बारीक शिट्टी. पंखा असा चालत नाही. त्या श्वासाची मला कुणी ओळख करून द्यायला नको. लहानपणी त्याचा दमा उसळला की मी उशाशी बसून ऐकायची, पुढचा येतोय की नाही.

चहा सांडला. मीही हात ठेवला. पेटी गार, पण आत तो होता. दोघी कितीतरी वेळ तशाच बसलो. वर्षात पहिल्यांदा मला नीट रडू आलं.

१० नोव्हेंबर

आज केर काढताना पेटीची जाड वायर दिसली. तिचा प्लग खिळ्याला टांगलेला. भिंतीत नाहीच.

सुनेला सांगितलं. तिला माहीत होतं. पहिल्यापासून. हात काढला की मीटरवर शून्य आणि आवाज बंद. हात ठेवला की श्वास. आधी तिच्या हातानं बारा यायचे. आता नऊ येतात. तिची नखं निळी पडलीत, घास उतरत नाही. मी हात ठेवला तर सात. म्हटलं, म्हातारीत तेवढाच माल शिल्लक. ती हसली नाही. मलाही हसू आलं नाही.

१३ नोव्हेंबर

भांडण झालं. म्हटलं, पुरे कर, पोरीला आई लागते. ती म्हणाली, मग तुम्हीच तुमच्या हातानं क्लिप काढून कायमचं बंद करा.

गेले. एक हात पेटीवर ठेवून दुसऱ्यानं क्लिप चिमटीत धरली. आत श्वास अडला. तसाच, जसा तेव्हा अडायचा. मला नाही जमलं. उलट दुसराही तळवा ठेवून म्हटलं, घे रे, घे.

आई आहे मी. काय करू?

१४ नोव्हेंबर

भिंगरी मागच्या खोलीत सापडली. पेटीला गाल लावून. मीटरवर पूर्ण बारा.

म्हणते, आजी, बाबांना थंडी वाजते, म्हणून ते हात धरतात.

ओढून वर आणलं. गाल बर्फासारखा. आज ती एकदाही फिरली नाही.

१६ नोव्हेंबर

भिंगरीच्या छातीत शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे. साफ! मला ऐकू येतंय ना.

सून पायांवर पडून रडली. म्हटलं, ऊठ. पोरीला घेऊन तुझ्या आईकडे जा. इथलं मी बघते. पोरगी जाताना मागच्या खोलीच्या दाराकडे बघून हात हलवत होती.

१७ नोव्हेंबर, दुपार

एक हात पेटीवर ठेवून दुसऱ्यानं काढली क्लिप. पंखा थांबला. शून्य.

दुसऱ्यांदा गेला माझा बाबू. या वेळी मी जवळ होते एवढंच —

सुनेचा फोन.

भिंगरीचा श्वास कोंडलाय. ओठ काळे. दोन आखूड, एक लांब. आत्ता, याच क्षणी सुरू झालं म्हणते.

मी क्लिप परत खुपसली. दोन्ही तळवे ठेवले. सात. सुनेला विचारलं, आता? म्हणाली, आई, मोकळा झाला. पाणी मागतेय.

म्हणजे इथून सोडवला की तो तिच्याकडे जातो. हात शोधत. वाईट नाही तो. एकटा पडलाय.

पण तिचा नाही. बाबू, तिचा नाही हं.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ

हात उचललेले नाहीत. पाच. फोन मांडीवर आहे, बोलतेय.

सूनबाई, हे वाचशील तेव्हा मला हलवू नकोस. आधी क्लिप काढ. मी त्याच्याबरोबर असेन, मग तो कुणाला शोधायला जाणार नाही. रडत बसू नकोस. पोरीला जेवू घाल —

तीन.

बाबू, ऐक. तुझी लेक आहे ती. तुला थंडी वाजते ना, मग मला घे. मी येते. तिला सोड —

दोन —

हात धरला. पेटीच्या आतून. बोटांत बोटं घातली —

सुनेचा फोन वाजतोय. उचलता येत नाही, हात सुटत नाहीत —

किती लहान हात हा. मुठीत मावतो. लहानपणी तुझा असाच — बाबू, तूच ना? बोल रे. तूच आहेस ना, की —