डाव्या खांद्यावरून

विजूताई,

काल बालगंधर्वला तुझं नाटक पाहिलं. नाच तू बसवलेत म्हणून तिकीट काढलं. आत भेटायला मात्र आले नाही. एकच विचारायचं होतं. तुझ्या प्रत्येक नाचात, अगदी सिनेमातल्याही, पोरी ऐन रंगात डाव्या खांद्यावरून मागे का बघतात? पेपरवाले त्याला तुझी खास अदा म्हणतात. ती आली कुठून, हे तुला तरी ठाऊक आहे का?

बिबवेवाडीच्या घरात तू आरशासमोर नाचायचीस, तेव्हा दार तुझ्या डावीकडे, मागे असायचं. आबा मार्केट यार्डातून कधीही टपकायचे. मी दारात राखणीला बसायचे, पण तुझा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. तू वळून बघायचीसच.

हे पत्र मी टाकणार नाही. त्यामागचं कारण तुला कळलं, की तू ते मान वळवणं नाचातून काढून टाकशील.

तू घर सोडल्यापासून आबांनी तुझं नाव घेतलेलं नाही. आरशाच्या जागी आता टीव्ही आहे. आज संध्याकाळी चहा घेऊन गेले, तर टीव्हीवर तुझं गाणं चालू, आवाज अगदी बारीक. माझी चाहूल लागताच आबांनी मान वळवली. डाव्या खांद्यावरून, हुबेहूब. तुझ्या पोरींनाही इतकं जमत नाही.

"बातम्यांची वाट बघतोय," म्हणाले. "चहा ठेव, आणि जाताना दार लोटून घे."

मी दार लोटलं आणि सवयीने बाहेर राखणीला बसले. तिथंच बसून हे लिहितेय.

तुझी बिनविश्वासाची,
मैना