भुऱ्या कुणावर धावला

॥ श्री ॥
गास, ६ जानेवारी २०२५

चि. रिद्धीस आजीचे पोटभर आशीर्वाद,

तुझा फोटो तुझ्या भावाने, केयूरने दाखवला. केस कापलेस ते शोभतात, पण मान उघडी पडली, थंडीत रुमाल बांधत जा. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुझा बाप मधेच बोलून घालवतो, म्हणून लिहिते. चौथीपर्यंतच शिकलेली मी, चुका पोटात घाल.

यंदा वालाला शेंगा अशा लागल्यात की मांडव वाकलाय. तोडायला कोण? तुझी आई आठवड्यातून तीनदा माणिकपूरला डायलिसिसला, बाकीचे दिवस पडवीत. सुईसाठी शीर जोडलीय त्या डाव्या हाताने तांब्यासुद्धा उचलायचा नाही.

आता मुख्य. तुझ्या बापाची किडनी तिला द्यायची म्हणून तपासण्या झाल्या. महिनाभर तो रोज चालायला जातो, तंबाखू सोडली, अगदी नवरदेव झालाय. आणि डॉक्टर म्हणाले, अवघड आहे. हिच्या रक्तात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी दिसतात, बाळंतपणांमुळे असं होतं. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं संसार केलाय, बायकोच्या रक्तात नवऱ्याविरुद्ध काही नसेल तरच नवल, त्याला मशीन कशाला? डॉक्टर हसले. तुझा बाप हसला नाही. तुझी आई त्या कागदाकडे शेजारच्यांचं पत्र चुकून आपल्याकडे आल्यासारखं बघत होती. घरी येऊन कुकर लावला, सात शिट्ट्या झाल्या तरी समोर तशीच उभी.

तू याच विषयात एवढी वर्षं डोकं घालतेस. रिपोर्ट केयूरने तुला पाठवलाय. मला समजेल असं लिही.

माझ्यापाशी लोभ भरपूर आहे, कमी पडला तर मागून घे.

तुझी आजी,
रखमाबाई


हैदराबाद, १४ जानेवारी २०२५

ती. आजीस, सा. न. वि. वि.

रिपोर्ट वाचला. वर आईचं नाव होतं, तरी लॅबमधला एखादा नमुना वाचावा तसा वाचला. आकडे पाहिले, डबा खाल्ला, कामाला लागले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. सध्या काहीच येत नाही.

आपल्या पेशींवर ओळख सांगणारी प्रथिनं असतात, प्रत्येकाची वेगळी. त्यांच्या वरच्या खोबणीत एक छोटा तुकडा धरलेला असतो, पेप्टाइड. तो आहे तोवर प्रथिन आपल्या आकारात राहतं. निसटला की मोडतं, आतलं झाकलेलं उघडं पडतं. काही अँटिबॉडी अशा मोडलेल्या प्रथिनालाच धरतात, भरल्या खोबणीच्या प्रथिनाला शिवत नाहीत. तपासणीत बाबांच्या पेशी नव्हत्या. त्यांच्यासारखी प्रथिनं चिकटवलेले बारीक मणी होते, आणि मण्यांवरची काही प्रथिनं रिकामी असतात. आईच्या अँटिबॉडी तेवढ्यांनाच धरत असतील. नसतीलही. बाबांच्या जिवंत पेशींवर तपासून बघता येईल का, एवढं डॉक्टरांना विचार. हे पत्रही दाखव.

आशा लावून बसू नकोस. लोभ आहे, हे इथून लिहिता येतं तेवढंच लिहिते.

तुझी,
रिद्धी


॥ श्री ॥
गास, ९ फेब्रुवारी २०२५

चि. रिद्धीस आशीर्वाद, आणि यावेळी एक मुका जास्त,

तुझं पत्र चारदा वाचलं, काही कळलं नाही. मग बावखलाच्या पाण्याकाठी भांडी घासताना एकदम कळलं! तुझ्या जन्माआधी आपल्याकडे भुऱ्या कुत्रा होता. मी डोक्यावर चुंबळ आणि तिच्यावर भाजीची पाटी घेऊन सोपाऱ्याच्या बाजाराला जायची. पाटीसकट परत आले की शेपूट हलवायचा. एकदा पाटी शेजारच्या मटिल्डाकडे ठेवून आले, तर मेला अंगावर धावला, लुगडं फाडलं. लोक म्हणाले, पिसाळलाय, मारा. मी म्हटलं थांबा, आधी पाटी आणा. पाटी डोक्यावर घेतली, तर पाय चाटायला लागला. बाई तीच गं!

हे सगळं मी डॉक्टरांना सांगितलं, लुगड्यासकट. तुझा बाप लाजून पंख्याकडे बघत होता. डॉक्टर म्हणाले, पेशींवरची तपासणी करायचीच होती, पण आजी, कुत्र्याचं मी आता सगळ्यांना सांगणार. काल निकाल आला. तुझ्या बापाच्या जिवंत पेशींना तिचं रक्त काही करत नाही, मोडक्या प्रथिनांवरच तेवढं धावतं. सत्तावीस तारखेला ऑपरेशन ठरलंय!

मी सगळ्या आळीला सांगून आले. मटिल्डाने वडे पाठवले. पण घरात हसणारी मी एकटीच. तुझ्या आईला सांगितलं तर भिंतीकडे बघत बरं म्हणाली, बस. तू तिच्यावर गेलीस. रडू येत नाही म्हणून घाबरू नकोस. तुझे आजोबा गेले तेव्हा तेराव्यानंतर मी सरळ वांग्याची रोपं लावायला बसले. रडू आलं सहा महिन्यांनी, नारळ खवताना.

आज सकाळी मात्र तुझी आई आपणहून उठली. केयूरकडून माळ्यावरची पाटी काढवली, उजव्या हाताने पुसली, आणि मला विचारलं, आई, चुंबळ कुठे ठेवलीत? मी म्हटलं, बाई, वजन उचलायचं नाही अजून. माहीत आहे म्हणाली, नुसती सवय करते. मग पाटी पडवीतच ठेवली, नुसती चुंबळ डोक्यावर घेतली, वालाच्या मांडवापर्यंत चालत गेली, आणि तशीच परत आली.

सत्तावीसच्या आधी ये. लोभ येताना सोबत आण, पत्रात घालू नकोस.

तुझी आजी,
रखमाबाई