कुयलीचे चूर्ण आणि नदीचे उत्तर

४ फेब्रुवारी
शाई सांडली. पुन्हा. उजवा हात कोणाच्या बापाचे ऐकत नाही. उभा जन्म नकाशे काढण्यात गेला, केसाएवढ्या रेषेने नद्या ओढल्या — आणि आता स्वतःचे नाव लिहिले तरी कोंबडी चालून गेल्यासारखे दिसते. कंपवाताची गोळी वेळेवर घेतो. मन मात्र ओल्या फडक्यासारखे पडून असते.
ही गेली त्याला दोन वर्षे होतील.

९ फेब्रुवारी
ठेंगू आला होता. शाळासोबती, वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून ठेंगू. हातात डबा. "कुयलीच्या बियांचं चूर्ण. डोक्यात आनंद खेळायला लागतो म्हणे. झाडपाल्याचं आहे, त्याने काय अपाय होणार?"
याच कुयलीच्या शेंगांची खाजरी कुसे आम्ही मास्तरांच्या खुर्चीवर चोळली होती. "तेव्हा मास्तर नाचले, आता तू नाच," म्हणाला.
लेकीला सांगितले नाही. दुधात चमचाभर घेतले. चव मातीसारखी.

१७ फेब्रुवारी
हात शांत! सकाळी कागदावर एक नदी काढली, उगमापासून मुखापर्यंत, कुठे न अडखळता. आणि शाळेतली कविता आपोआप ओठांवर आली —
नदी चालली परगावाला, मागे वळुनी पाहत नाही;
काठावरचे झाड विचारे, थांबशील का क्षणभर, बाई?
पुढे नदीचे उत्तर आहे. ते काही केल्या आठवेना.
चमचा आता शिगोशीग भरून घेतो.

२३ फेब्रुवारी
ही आली होती.
खिडकीजवळच्या खुर्चीत बसून माझ्या सदऱ्याचे बटण लावत होती. भीती वाटली नाही. "अहो, असं काय बघताय?" म्हणाली. दोरा दाताने तोडला आणि सहज म्हणाली —
झाडा, माझे पाय न थकले...
मी धावत वही आणली, तोवर खुर्ची रिकामी. बटण तुटलेलेच.

१ मार्च
दुसरी ओळही दिली तिने: वाट तरी ही सरते आहे.
मान आपोआप डोलते, खांदा उडतो. लेक म्हणाली, "बाबा, आतल्या आत कुठलं गाणं चाललंय?" टेबलावर मी दोन कप मांडले होते. तिने एक उचलून ठेवला.

४ मार्च
तिसरी: तुझी सावली पदरी घेउन...
एकच उरली.

६ मार्च
दार वाजले असे वाटले. ही असेल म्हणून झटकन उठलो — डोळ्यांपुढे अंधारी आली आणि थेट जमिनीवर. कपाळाला टाके.
डॉक्टरीणबाईंनी खोदून खोदून विचारले. लेक शेजारी उभी. सांगावे लागले.
"आजोबा, तुमच्या गोळीत जे औषध आहे तेच या बियांत असतं. गोळीत किती आहे ते मला माहीत आहे. चमच्यात किती, कोणी मोजलंय? दोन्ही मिळून जास्त झालं. अंग उडणं, उठताना तोल जाणं, नसलेलं दिसणं — सगळं त्यातलंच."
नसलेलं.
गोळी तशीच चालू, चूर्ण त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू बंद, असे त्या म्हणाल्या. घरी येताना जिन्यात लेक एकदम बोलली, "आई गेली. आता तुम्हीही पडून-झडून जा, म्हणजे मी मोकळी." आणि रडायला लागली.
डबा तिच्या हवाली केला. आतून वाटत होते, एक ओळ, फक्त एक ओळ मिळू दे.

११ मार्च
अर्धा चमचा, तोही लेकीच्या हातून. ही आली, पण पाठमोरी. "शेवटची ओळ सांग ना," म्हटले. ती बटण लावत राहिली.

१५ मार्च
चिमूटभर. खुर्चीवर फक्त ऊन.

१९ मार्च
बंद. हात पुन्हा त्याच्या जुन्या चालीवर. थकलो आहे. खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली.

२४ मार्च
ठेंगूचा फोन. अपराध्यासारखा बोलत होता. मी म्हटले, "ते राहू दे. नदीच्या कवितेची शेवटची ओळ तेवढी सांग."
"शेवटची? 'थांबशील का क्षणभर, बाई.' तिथेच संपते की."
"नदीचं उत्तर आहे ना पुढे?"
"कुठलं उत्तर? मीच विचारलं होतं मास्तरांना, नदी काय म्हणाली? तर म्हणाले, गाढवा, नदी उत्तर द्यायला थांबते होय?"
फोन ठेवला. वही उघडून हिने दिलेल्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या कविता घोकल्या. आपली एक ओळ कधी केली नाही.

२५ मार्च
खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली. दूध नुसतेच प्यायलो. हात थरथरतो आहे, अक्षर लागेल तसे लागो —
तुझ्याच काठी उरते आहे.