डावऱ्याचा पाय कुणाचा?

४ मार्च, मंगळवार
आजपासून रोजनिशी. नियम एकच: क्लबच्या कामाचंच लिहायचं, घरातली कटकट इथे आणायची नाही.

सकाळच्या सरावात डावऱ्या पळता पळता थांबला आणि मांडीमागे हात धरून लंगडत माझ्या खोलीत आला. आमचा हुकमी एक्का. डाव्या पायाने गोल मारतो म्हणून डावऱ्या. खरं नाव कागदोपत्री असेल कुठेतरी. स्नायू धरलाय हे मी दारातूनच ओळखलं. तो काहीतरी सांगायला लागला, त्याला गप्प केलं. एकतीस वर्षं क्लबात मालिश करतोय, पुस्तकं वाचून माझा मीच शिकलो, पण दुखणाऱ्याला कधी विचारलं नाही. दुखणारा घाबरलेला असतो, काहीही सांगतो. पालथं झोपवलं, दोन बोटं फिरवली, डाव्या मांडीत गाठ सापडली. अर्ध्या मिनिटात!

२३ तारखेला फायनल. तोवर ठणठणीत करतो, असं मॅनेजरसाहेबांना सांगून टाकलं.

५ मार्च, बुधवार
घोटाळा. देशाच्या संघाची यादी लागली, तीत डावऱ्या. १४ पासून शिबिर, १९ ला सामना. साहेब खवळले. म्हणाले, बारा वर्षांचा होता तेव्हापासून आपण वाढवला, आणि हे आयत्या वेळी हात धरून नेणार. मोडला की आणून आपल्याच दारात ठेवणार. मीही जोशात दोन शब्द जास्तच बोललो.

अडचण एवढीच की देशाच्या संघाची फिजिओ म्हणजे माझी मुलगी. (घरचं लिहायचं नव्हतं, पण हे कामात मोडतं.) डिग्री आहे तिला. एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो. निश्चय: तिच्यासमोर डावऱ्याचं नाव काढायचं नाही. क्लबचं गुपित.

६ मार्च, गुरुवार
खास तेलाने पाऊण तास चोळलं. डावऱ्या म्हणाला, काका, जरा त्या पायालाही हात लावा ना. त्याला समजावलं की दुखणं मुळापासून हललं की घाबरून दुसऱ्या पायात पळतं. चांगलं लक्षण. तो म्हणाला, असं होय. गुणी मुलगा.

८ मार्च, शनिवार
साहेबांनी पत्र लिहायला सांगितलं. क्लबचा वैद्यकीय विभाग म्हणजे मी आणि मालिशचं टेबल. मजकूर: खेळाडूला तीन आठवडे सक्त विश्रांती, शिबिराला पाठवणे अशक्य. मी म्हणालो, साहेब, फायनल तर पंधरा दिवसांवर आली, मग तीन आठवडे कसे? म्हणाले, देशासाठी तीन, आपल्यासाठी दोन. पटलं. शिक्का मारून पत्र मुलीच्या ऑफिसात पोचतं केलं. घरी चकार शब्द नाही.

१० मार्च, सोमवार. सकाळी ७
चहाच्या कपाखाली लिफाफा. 'आपले ८ तारखेचे पत्र पोचले. दुखापत कोणत्या पायास, हे नमूद नाही. खेळाडूस १४ रोजी तपासणीसाठी पाठवावे. आपली विश्वासू.' आपली विश्वासू! बापाला!

मी म्हणालो, ऑफिसच्या गोष्टी घरात नकोत. ती म्हणाली, बाबा, पत्राचं राहू द्या, त्याच्या पायाचं बघा. अर्धवट बरा पाय पळवलात तर स्नायू फाटेल, सहा महिने घरी बसेल तो. मी वर्तमानपत्र उघडलं. आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, घरात दुखणी बघणारे दोन-दोन, आणि माझा खांदा आठवडाभर धरलाय, तो कुणाच्या संघात बसतो तेवढं सांगा.

दोन्ही संघ आपापल्या कामाला निघाले.

११ मार्च, मंगळवार
डावी मांडी लोण्यासारखी झाली. गाठीवर अंगठा दाबला तरी डावऱ्या हूं की चूं नाही. बरा झाल्याचं साहेबांना जाहीर केलं. खोलीतून जाताना थोडा लंगडला. बुटांचा दोष. बदलायला सांगणे.

१३ मार्च, गुरुवार
बूट बदलले. साहेबांसमोर पळवलं. दहा पावलं झकास. अकराव्याला उजवी मांडी धरून मटकन खाली. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, नवी दुखापत, हा वेगळा विषय. सहा महिने, सहा महिने, एवढंच डोक्यात.

१४ मार्च, शुक्रवार
डावऱ्याबरोबर शिबिराला गेलो. क्लबतर्फे, नजर ठेवायला. मुलीचा पहिलाच प्रश्न, कुठला पाय? डावऱ्याने उजवा दाखवला. कधीपासून? त्याने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. म्हणाला, चार तारखेपासून, ताई.

मग बाबांना सांगितलं का नाहीस, तिने विचारलं. तो म्हणाला, दोनदा सांगायला गेलो, पण काका एवढ्या मायेने चोळत होते, मध्येच तोंड कसं उघडायचं? आणि ताई, डावा पाय जन्मात इतका छान नव्हता.

मुलगी हसली नाही. खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. खांदे मात्र गदगदत होते.

याला चूक म्हणता येणार नाही. उजवा दुखावला की सगळा भार डाव्यावर. तो आधी तयार करून ठेवला. पूर्वतयारी.

पूर्वतयारी नऊ दिवस चालली, हे जरा जास्त झालं. जेवण गेलं नाही.

१७ मार्च, सोमवार
स्नायू किंचित फाटलाय. बुधवारी खेळणार नाही, असं मुलीने लिहून दिलं. देशाचा कोच तिच्यावर ओरडला म्हणे, वीस मिनिटं तरी उतरव. ती म्हणाली, तुम्ही उतरा.

साहेब खूश. बघा, पोरगी कुणाची! आणि लगेच माझ्यापुढे कागद: फायनलसाठी तंदुरुस्त, करा सही. बाणेदारपणे पेन उचललं आणि लिहिलं, 'माझ्या मुलीला विचारा.' हात असा कसा वळला कळलं नाही. साहेब दिवसभर बोलले नाहीत. असो. महत्त्वाच्या कागदावर दोन सह्या असलेल्या बऱ्या.

२० मार्च, गुरुवार
देश काल एका गोलने हरला. पेपरात छापून आलंय की फिजिओचा बाप क्लबात आहे, त्यात सगळं आलं. चहा घेताना ती म्हणाली, बाबा, तुमच्यामुळे मी फितूर ठरले. मी म्हणालो, आणि साहेब मला तुझा माणूस म्हणतात. खूप दिवसांनी दोघं पोट धरून हसलो. ही म्हणाली, समेट झाला असेल तर आता खांदा बघा. मुलीने बघितला. मी फक्त तेलाची बाटली धरली. बाटली नीट धरणं हेही कौशल्य आहे.

२२ मार्च, शनिवार
साहेबांनी अखेर तिला विचारलं. तिने क्लबच्या मैदानावर येऊन डावऱ्याला पळवलं, वळवलं, अचानक थांबवलं. दर खेपेला विचारायची, दुखतं का? किती विचारते! शेवटी म्हणाली, उद्या शेवटची वीस मिनिटं, वर एक मिनिट नाही. साहेब तीस मागायला लागले. ती म्हणाली, मग शून्य. वीस ठरली.

२३ मार्च, रविवार. दुपारी २
निश्चय केला होता की आज डावऱ्याला हात लावायचा नाही. मानी माणूस आहे मी. पण तो आपणहून टेबलावर पालथा पडला. म्हणाला, काका, चोळा, तुमच्या हाताशिवाय मैदानात उतरवत नाही. फक्त डावा हं. ताईंनी वाटणी करून दिलीय: उजवा देशाचा, डावा क्लबचा.

डावा कुठला, हे आधी त्यालाच विचारून घेतलं. डोळे भरून आले. तेलाचा वास.

संध्याकाळी ६
जिंकलो! सत्तराव्या मिनिटाला डावऱ्या उतरला आणि त्याच्याच गोलने जिंकलो. माझा पाय, माझा पाय, असं ओरडत मी मैदानाला अर्धी फेरी घातली. साहेबांनी मिठी मारली. बातमीदाराला तेलाबद्दल सविस्तर सांगितलं.

संध्याकाळी ७.१५
घरी येताना बसमध्ये मुलगी हळूच म्हणाली की बाबा, गोल उजव्या पायाने झाला. मोठ्या पडद्यावर तीनदा दाखवला म्हणे. मी त्या वेळी फेरीवर होतो.

दोन थांबे विचार केला. मग तिला शास्त्र समजावलं: माणूस उजव्याने मारतो तेव्हा उभा कशावर असतो? डाव्यावरच ना?

ती म्हणाली, हो बाबा, उभा फार सुंदर राहिला होता.