तेल ‘वाढलं’

मंगळवार, दिवेलागण

उद्या लेक-जावई येणार. धपाट्यांसाठी तेल आणायला हिंगोलीच्या मोठ्या दुकानात गेले, तर तेलाची फळीच रिकामी. तिथली पोरगी म्हणाली, “तेल संपलं, आजी.”

मी म्हटलं, “संपलं म्हणू न्हाई पोरी, वाढलं म्हणावं.”

“व्हय, भावबी लई वाढलाय,” म्हणून हसली.

घरात तेल-मिठाला संपलं म्हणतो का आपण कधी? तिला कुणी शिकवलं काहून न्हाई? पण बोलली बराबर, तेच टोचून राहिलंय. उद्या नव्या भावाचा माल येणार म्हणे. येऊ दे, मी जाणार न्हाई. ज्वारीची गरम भाकर, शेंगदाण्याची चटणी अन् घट्ट दही वाढीन. जावई नाक मुरडतील. मुरडू दे, दुसरी भाकर मागतात का न्हाई, बघतेच.