अंगावर न घेतलेली गोधडी

मी, एस्थर पुआनानी काइपो, कै. सोलोमन काइपो यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार हाना, बेट माउई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाचं तसं सांगता येत नाही. डॉक्टरांनी नाताळपर्यंतची मुदत दिली आहे. हे लिहिण्यासाठी कोणाही जिवंत माणसाने माझ्यावर दडपण आणलेलं नाही. "मावशी, यातला 'जिवंत' काढा," असं वकील श्री. इतो म्हणाले. मी काढलेला नाही.

कलम १. राहतं घर, मागची केळीची बाग आणि चिखलातले अळूचे वाफे माझी मुलगी हॅरिएट हिला द्यावेत. ती होनोलुलूला राहते, तिला अळू लावता येत नाही, पण शिकेल. ओसरीच्या दाराजवळच्या फळ्या कुजल्या आहेत. त्या बदलून घ्याव्यात. त्या कशाने कुजल्या ते कलम ५ मध्ये लिहिलं आहे.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझं क्रियाकर्म व्हावं, उरेल ते हॅरिएटचं. सोलोमनचा पुतण्या जॉर्ज याला स्वयंपाकघरातली एक खुर्ची द्यावी. हॅरिएटच्या लग्नात तो चांगला धडधाकट माणूस पलंगावर अंथरलेल्या गोधडीवर बसला होता. गोधडीवर बसत नाहीत हे आमच्याकडे कुत्र्यालाही कळतं. आता त्याच्याकडे हक्काची खुर्ची असेल.

कलम ३. सोलोमनने बनवलेली लाकडी शिवणचौकट चर्चच्या बायकांना द्यावी. रविवारी तिच्यावर सुई चालवू नये. नमुन्यांचे तपकिरी कागद पेटीतून न उलगडता जाळावेत. न उलगडता हे दोनदा लिहिते, कारण शेजारीण वायोलेट काआवा कुंपणापलीकडे राहते. वाळत घातलेल्या गोधड्यांवरून नमुने उतरवून घ्यायची तिला सवय आहे आणि गावात ते सर्वांना ठाऊक आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळालं तर पुढे कटकट होते, असं इतो सांगतात. म्हणून मी वायोलेटलाच साक्षीदार केलं आहे.

कलम ४. घरात माझ्या चार गोधड्या आहेत. मला पुरतील त्या दिवशी त्या किनाऱ्यावर जाळाव्यात. माझ्या आईच्या सहा गोधड्या मी माझ्या हाताने पेटवल्या. शिवणारीचा श्वास टाक्यांत राहतो आणि ती गेल्यावर तोही सुटायला हवा.

हॅरिएट फोनवर म्हणाली, "आई, एकेकीला हजारो डॉलर देतात लोक! आणि तू काडी लावणार?"

मी म्हटलं, "देतात ना. मग मी परक्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली राहू का?"

हॅरिएटच्या लग्नातली गोधडी या चारांत नाही. ती तिची आहे. देण्याआधी मी एक रात्र ती अंगावर घेऊन झोपले होते. गोधडी तशीच द्यायची असते. आधी शिवणारीने तिच्याखाली झोपायचं, मगच ती हाताबाहेर करायची. एका गोधडीच्या बाबतीत मी हे केलं नाही.

कलम ५. ती गोधडी होनोलुलूच्या लेहुआ कलादालनात आहे. पांढऱ्यावर हिरवी, नाव 'समुद्राकडे तोंड केलेला नीरफणस'. आठ वर्षं ती तिथे दिव्याखाली टांगलेली आहे. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला आणि त्यामुळे मला लोक कलावंत म्हणू लागले. ती नीरफणसाची नाही. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

माझा मुलगा मकिआ अकरा वर्षांचा होता. एकोणीसशे एक्कावन्नच्या मे महिन्यात हॅरिएटच्या वाढदिवसासाठी मी त्याला ओपिही काढायला खडकांवर पाठवलं. ओपिही म्हणजे खडकाला घट्ट चिकटणारी शिंपली. ती सुरीने उचकटून पिशवीत टाकायची, आणि काढताना समुद्राकडे पाठ करायची नाही. हे आमच्याकडे मूल चालायला लागायच्या आधी शिकतं. मकिआलाही येत होतं. जेवण निवत होतं म्हणून मी वरून हाक मारली. तो वळला. मला त्याचं तोंड दिसलं आणि मग लाट आली. समुद्राने त्याला परत दिलं नाही, त्यामुळे त्याला पुरायची जागाही आमच्याकडे नाही.

गोधडीत माणूस किंवा जनावर कापायचं नाही, ते उठून चालतं, हे आईने मला सुई हातात देतानाच सांगितलं होतं. तीन वर्षं मी स्वतःला आवरलं. मग एक दिवस हिरवं कापड घडी घालून आठपदरी केलं आणि कात्री चालवताना पानाच्या देठाशी मकिआ कापला. डोकं, खांदे, हातात पिशवी. मला एकच हवा होता. कापड उलगडलं तर आठ उभे होते. आमचा नमुना असाच होतो, मी तो शेकडो वेळा केला आहे, तरी त्या क्षणी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तेव्हाच ते चुलीत घालायला हवं होतं. मी ते पांढऱ्यावर शिवलं, भोवती लाटांसारख्या टाक्यांच्या ओळी घातल्या, आणि अर्ध्यावर आल्यावर कळलं की मी त्याला पुन्हा पाण्यात उभं केलं आहे. पिशवीला लोक फळ समजतात. कापलेल्या कापडाला पुढची मागची बाजू नसते. तो समुद्राकडे बघतो आहे की माझ्याकडे, हे मला आजतागायत सांगता येत नाही. नाव मी ठेवलं ते भीतीपोटी.

शेवटचा टाका घातला त्याच्या दुसऱ्या सकाळपासून ओसरीवर ओली पावलं दिसू लागली. लहान. पायरीपासून दारापर्यंत, आत नाहीत. सोलोमन म्हणायचा कुत्र्याची आहेत. आमच्याकडे कुत्रा नव्हता. चोवीस वर्षं मी रोज सकाळी फळ्या पुसल्या. गोधडी जाळवत नव्हती, म्हणजे त्याला जाळवत नव्हतं, आणि अंगावर घ्यायची हिंमत नव्हती. सोलोमन गेल्यावर कलादालनाच्या मिस प्रेस्कॉट आल्या, तेव्हा मी त्यांना ती गोधडी चहा व्हायच्या आत देऊन टाकली. कागदावर सही केली की माझ्या हयातीत ती परत मागता येईल, माझ्यानंतर कायमची कलादालनाची होईल. तेव्हापासून ओसरी कोरडी आहे. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

गेल्या महिन्यात मिस प्रेस्कॉटचा फोन आला.

"काइपोबाई, तुमच्या गोधडीपुढे लोक रडतात, माहीत आहे? आणि एक गंमत सांगू? तिच्याखालची फरशी रोज सकाळी ओली असते. छत बघितलं, नळ बघितले. आमचा पहारेकरी म्हणतो, गोधडीच रडते!"

"किती ओली?" मी विचारलं.

"अहो, थोडीच. छोटे छोटे डाग. दाराकडे जातात."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मला त्याची भीती होती. त्या दिवसापासून त्याच्यासाठीही भीती वाटते. एवढ्या मोठ्या शहरात, दिव्यांच्या उजेडात, ओळखीचं कोणी नसताना तो दार शोधतो आहे. मी मेले की ते दार कायमचं बंद होईल, कारण तशी सही मीच केली आहे.

कलम ६. हे कलम सोमवारपर्यंत लिहायचं ठरलं नव्हतं. त्या दिवशी इतो कलम ५ पर्यंत मजकूर वाचून दाखवत होते आणि वायोलेट साक्षीदार म्हणून समोर बसली होती.

"मला चोर म्हटलंय ना? मोठ्याने वाचा की, लाजता कशाला," ती इतोंना म्हणाली.

"म्हटलंय," मी म्हटलं.

"बरं केलंस. आता चोरीचं पुढचं ऐक. चौपन्न साली ती गोधडी तू उन्हात घातलीस. मी कुंपणाआडून कागदावर उतरवली, घरी जाऊन कापड कापलं आणि उलगडलं. एस्थर, तुझा मकिआ माझ्या जमिनीवर आठदा उभा होता. पिशवी घेऊन."

इतोंनी चष्मा काढला.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"रडले आणि चुलीत घातलं. तुला कधी बोलले? बत्तीस वर्षं तोंडाला टाका घातला. तेवढं शिवण तुझ्यापेक्षा मला बरं येतं." मग ती जवळ सरकली. "ती अंगावर घेऊन झोपलीस का गं कधी?"

"नाही."

"का?"

"तो विचारेल."

"काय विचारेल?"

"हाक का मारलीस म्हणून."

वायोलेट म्हणाली, "अगं मेले, अकरा वर्षांचं पोर ते. त्याला काय विचारायचंय? त्याला झोप आली असेल."

त्याच संध्याकाळी इतोंनी कलादालनाला गोधडी परत मागितल्याचं पत्र पाठवलं. शुक्रवारी ती विमानाने येईल. त्या दिवशी मी ती अंगावर घेऊन झोपेन. रात्रीची हिंमत नाही, म्हणून दुपारी जेवणानंतर झोपेन. वायोलेट दारात बसेल. मला अजून भीती वाटते, हे सुद्धा कायदेशीर समजावं.

मी उठले, तर त्यानंतर ती घरातच राहील, आणि कलम ४ मधल्या चार गोधड्यांबरोबर पाचवी म्हणून जाळावी. नाही उठले, तर ती माझ्या अंगावरून काढू नये. आम्हाला तशीच एका खड्ड्यात ठेवावं. त्याला तेवढी तरी जमीन मिळेल. कलादालनाने भांडण काढलं तर इतोंनी भांडावं.

वायोलेटला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून माझी कात्री आज सकाळी तिच्या हातात दिली. ती या मिळकतीचा भाग नाही.

शेवटची सूचना सर्वांसाठी आहे. शुक्रवारी दुपारी मी झोपलेली असताना फोन आला, पाहुणा आला, जेवण निवलं, काहीही झालं तरी बाहेरून कोणी हाक मारू नये.

सही: एस्थर पुआनानी काइपो

साक्षीदार १: हेन्री इतो, वकील. (वरील मजकूर माझ्या सल्ल्याविरुद्ध, पण माझ्या समक्ष लिहिला आहे.)

साक्षीदार २: वायोलेट काआवा, शेजारीण. (दारात बसेन. हाक मारणार नाही.)

स्थळ: हाना, माउई
दिनांक: बुधवार, १० सप्टेंबर १९८६