पुढे तर आहे

१७ नोव्हेंबर १९८५, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून सायकल. कराडहून चिपळूणला बदली होऊन पाच महिने झाले. त्यातले चार पावसात गेले आणि एक पावसाला नावे ठेवण्यात. आता सबब उरलेली नाही.
काल आत्मारामचे पत्र आले. शाळेत एका बाकावर होतो, आता तो कराडच्या सायकल मंडळाचा अध्यक्ष आहे. २६ जानेवारीला नऊ जण कुंभार्ली घाट उतरून इकडे येणार. तुझ्याकडे खाड्या, तळी, झाडी सगळे आहे, तूच एक मार्ग आखून दे आणि सगळ्यांच्या पुढे राहा, असे लिहितो. मागच्या पत्रात मी त्याला रोज पहाटे तीस किलोमीटर सायकल मारतो असे कळवले होते. तेव्हा ते खरे नव्हते, आता होईल. म्हणजे खोटे नव्हतेच, फक्त जरा आधी लिहिले गेले.
मार्गाचे नाव ठरले: तीन तळी, एक खाडी. शेवट दाभोळला.
दाभोळ हिच्यासाठी. पाडव्याला ओवाळणीत साडी नको म्हणाली दमयंती. म्हणाली, मी अजून समुद्र पाहिला नाही, एकदा दोघं जाऊन दाभोळ बघून येऊ. बावीस वर्षांत हिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मार्ग तयार झाला की तुला घेऊनच जातो, असा शब्द दिला आहे. ती म्हणाली, एस.टी. जाते ना? एस.टी.ने काय, कोणीही जाईल.

त्याच दिवशी, ६.५०
सायकल बाहेर काढली. दोन्ही चाकांत हवा नाही. पंप असता तर आजच सुरुवात झाली असती.

२४ नोव्हेंबर, रविवार
पहिले तळे केले. देवळामागचे. घरापासून किती अंतर ते मोजण्यासाठी पुढच्या चाकाला लाल दोरा बांधून फेरे मोजत गेलो. आठशे बारापर्यंत नीट चालले होते. मग ऑफिसातला शिपाई भागोजी समोरून आला, नमस्कार केला, मी उलट नमस्कार केला आणि आकडा गेला. भागोजी पन्नाशीचा. आठ मैलांवरच्या गावातून रोज सायकलने येतो, सायकलला मडगार्ड नाही, कॅरिअरवर कधी तांदळाची गोण, कधी बायको. त्याला अर्थात सायकलिंग म्हणता येणार नाही. तो नुसता येतो-जातो.
तळ्याकाठी बसून चहा. पाय भरून आले. परतीला चढ निघाला. जाताना तो नव्हता.

८ डिसेंबर, रविवार
मागचा रविवार गुडघ्यात गेला.
अंतरे मोजण्यापेक्षा माणसांना विचारणे जास्त शास्त्रीय, असे ठरवले आहे. आठवडाभर एस.टी. स्टँडवर गावोगावच्या लोकांना गाठून विचारले. निष्कर्ष: इकडचा माणूस हितंच हाय म्हणाला तर दोन मैल धरावे. जरा पुढं म्हणाला तर पाच. थोडं चालावं लागंल म्हणाला तर जाऊ नये.
दुसरे तळे सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे माळरान, सावली नाही, झाड नाही. तिथे ऊन लागते असे तीन जण म्हणाले. दुसऱ्या तळ्याची माहिती पूर्ण झाली असे समजतो.

१५ डिसेंबर, रविवार. रात्री ८
महत्त्वाचा दिवस. शेवटच्या टप्प्याचा प्रश्न सुटला, तोही खुर्चीतून न उठता.
मार्ग खाडीच्या अलीकडच्या काठावर खारवाडी म्हणून गाव आहे तिथपर्यंत पक्का होता. दाभोळ पलीकडे. मधे खाडी. काल भागोजीला विचारले, खारवाडीच्या पुढे दाभोळला जायला काही आहे का? तो म्हणाला, पुढं तर हाय. मी म्हटले, नक्की? तो म्हणाला, सायेब, मी खोटं कशाला बोलू, पुढं तर हायच, माझ्या बायकोचं माहेर हाय दाभोळात, आमी तसंच जातंव. खात्री म्हणून आज बाजारात खारवाडीच्या एका कोळणीला विचारले. तिचेही तेच. पुढं तर हाय.
दोन स्वतंत्र साक्षी. तर म्हणण्यातला जोर पाहता रस्ता चांगलाच असणार. खाडीवर पूल नाहीतर साकव असेल. नकाशात लिहिले: खारवाडी ते दाभोळ, रस्ता उत्तम, सपाट.
दमयंतीने विचारले, कधी जायचं? म्हटले, आता फक्त प्रत्यक्ष जाणे बाकी आहे.

२९ डिसेंबर, रविवार
नकाशा आत्मारामला पोस्ट केला. तीन रंगांत. तळी निळी, चढ लाल. लाल पेन्सिल संपत आली म्हणून पुढचे काही चढ सोडून द्यावे लागले.
थकवा. सर्दी असावी.

५ जानेवारी १९८६, रविवार
नवीन वर्षाचे संकल्प: १) पहाटे पाचला उठणे. २) चहा एकदाच. ३) दररोज तीस कि.मी., निदान वीस. ४) दमयंतीशी तिरसट न बोलणे.
पाच वाजून गेल्यावर उठलो त्यामुळे पहिला उद्यापासून. दुसरा व तिसरा पहिल्यावर अवलंबून आहेत. चौथा सकाळी पावणेनऊपर्यंत टिकला. ती एवढेच म्हणाली होती की भागोजीची बायको सावित्री दर महिन्याला माहेरी दाभोळला जाते, मलाही चल म्हणते. मी म्हटले, बावीस वर्षे थांबलीस, आणखी तीन आठवडे थांबता येत नाही का? नंतर वाईट वाटले. तिला तसे सांगणार होतो, पण ती धुणे वाळत घालायला गेली होती.

१९ जानेवारी, रविवार
सराव. सड्याच्या चढाला चेन उतरली. बसवली. परत उतरली. तिसऱ्यांदा मी उतरलो. दगडावर बसून होतो तेवढ्यात मागून भागोजी आला, कॅरिअरवर सावित्री, तिच्या मांडीवर फणसाची दोन रोपे. सायेब, ढकलू का, म्हणाला. मी म्हटले, मी इथे निरीक्षणासाठी थांबलो आहे. तो बरं म्हणाला आणि चढून गेला. सावित्रीने वळून पाहिले. सायकलच्या चेनचा दर्जा हल्ली पार घसरला आहे. चेन नीट असती तर आज मी दुसऱ्या तळ्यापर्यंत गेलो असतो.

२५ जानेवारी, शनिवार. रात्री १०
आले. नऊच्या नऊ. घाट उतरून आले तरी हसत होते. पोटऱ्या एकेकाच्या भोपळ्यासारख्या. दमयंतीने एकोणचाळीस भाकऱ्या थापल्या. आत्मारामने माझ्या खांद्यावर थाप मारून सगळ्यांना सांगितले, हा रोज तीस मारतो बरं का. दमयंतीने माझ्याकडे पाहिले आणि आमटी वाढायला घेतली.
उद्याच्या झेंडावंदनाला गैरहजर राहण्याची साहेबांकडून परवानगी घेतली आहे. दमयंतीला म्हटले, उद्या मार्ग सिद्ध होतो, पुढच्या रविवारी आपण दोघे. ती म्हणाली, मी उद्याच सावित्रीबरोबर एस.टी.ने जाते, तुम्ही तिथे भेटा म्हणजे झालं. दोघांनी बघायचं ना, कसे का जाईना. बरे म्हटले. पटले. खरेच पटले.

२६ जानेवारी, रविवार. ८.४०
दुसरे तळे. म्हणजे त्याच्या अलीकडे. आत्मारामला म्हटले, तुम्ही व्हा पुढे, मी मागून सगळ्यांवर लक्ष ठेवतो. ते गेले. आता लक्ष ठेवण्यासारखे कोणी दिसत नाही. ऊन. छातीत धाप. एस.टी.चा आवाज येतो आहे.

११.१५, खारवाडी, काठावर
जे झाले ते क्रमाने लिहितो.
एस.टी.ला हात केला. कंडक्टरने सायकल टपावर चढवली. आत शिरलो तर तिसऱ्या बाकावर दमयंती आणि सावित्री. दमयंतीने सरकून जागा दिली.
तिसऱ्या तळ्याजवळ गाडीने मंडळींना मागे टाकले. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. बराच वेळ बांधली. मग दमयंती म्हणाली, गेले मागे, या वर.
खारवाडीला रस्ता संपतो. एकदम संपतो, आणि पुढे पाणी. पूल नाही, साकव नाही. पाण्यात एक मोठी होडी, तीत माणसे, दोन शेळ्या, केळीचे घड. मी सावित्रीला विचारले, पुढे आहे म्हणाला होता ना भागोजी? काय आहे पुढे? ती होडीकडे बोट करून म्हणाली, ही काय, तर.
तर म्हणजे होडी. पलीकडे नेणारी होडी. इकडे तिला तर म्हणतात. महिनाभर सगळे मला खरेच सांगत होते.
तरीवाला धोंडू ओरडला, बसताव काय, मी सोडतो. आज सणाचा दिवस, पल्याड घरी जेवायला जातो, पुढली तर पाचाला. सावित्री चढली. दमयंती चढली आणि वळून माझ्यासाठी हात पुढे केला. म्हणाली, या. सायकल राहू दे टपावर, कंडक्टर उतरवून ठेवील. या ना.
आणि मी म्हणालो, आत्माराम पंधरा मिनिटांत येईल. मी सायकलसह काठावर दिसलो पाहिजे. नाहीतर काय म्हणेल तो?
तिने हात थोडा वेळ तसाच ठेवला. मग तर सुटली.
सायकल खाली घेतली. तोंडाला पाणी मारले, घाम दिसावा म्हणून पुसले नाही. सायकलला टेकून उभा राहिलो.

१२.३०
मंडळी आली. आत्माराम उतरला, खाडीकडे पाहिले, खिशातून माझा नकाशा काढला आणि वाचून दाखवला: रस्ता उत्तम, सपाट. सपाट आहे खरा, म्हणाला. नऊ जण हसले. वाईट हसले नाहीत, तेच जास्त लागले.
मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, अरे, टपावर तुझी सायकल बघून आम्ही सगळ्यांनी हात केला. तू नाडी बांधत होतास.
पाचापर्यंत थांबायला त्यांना वेळ नव्हता. गुहागरच्या रस्त्याने गेले. चल म्हणाले. मी म्हटले, हिची वाट बघतो.

४.००
काठावर. पलीकडे दाभोळ दिसते. माड, घरे, एक मचवा. माणसे दिसतात पण कोण ते कळत नाही. मधेच एक पातळ हिरवे दिसले, बहुधा तिचेच. हात केला. उगाच केला.

रात्री ९, घरी
पाचाच्या तरीने आली. पातळाच्या काठाला वाळू. खाडीच्या तोंडाशी गेलो, म्हणाली, तिथून समुद्र सुरू होतो, पुढे काहीच नाही, नुसतं पाणी. सावित्रीच्या आईने नारळ दिला, जेवायला तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, होत्या. कसा आहे समुद्र, मी विचारले. पुष्कळ आहे, म्हणाली.
एस.टी.त मी सांगायला लागलो की चेन नीट असती तर, त्या भागोजीने नीट समजावले असते तर, तो धोंडू पंधरा मिनिटे थांबला असता तर. ती खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. मग म्हणाली, बावीस वर्षं तुमचं तर तर ऐकतेय. इथल्या लोकांची तर निदान पल्याड तरी पोचते.
चिडून म्हणाली असती तर काही बोलता आले असते. ती चिडलेली नव्हती.

२७ जानेवारी, सोमवार
अंग मोडून आले आहे. सायकल पुसून पडवीत लावली. चाकाचा लाल दोरा सोडला. नकाशाच्या माझ्याकडच्या प्रतीत दुरुस्ती केली: रस्ता खोडून होडी काढली. तीन रंगांत बरी दिसते.
ऑफिसात भागोजी म्हणाला, वैनी लय खूश झाल्या, पुढल्या म्हयन्यात परत जायचं म्हणत होत्या, दोघीजणी. मला ती काही बोललेली नाही. मला विचारलेही नाही. विचारले असते तर मी गेलो असतो.